अज्ञान पालनकर्ता

पावसाळा ओसरल्यानंतर, टेबल लँडच्या जांभ्या कातळावरची डबकी अजून आटलेली नसतात आणि खाली कृष्णेच्या खोऱ्यात धोमच्या जलाशयावर धुके अंथरलेले असते, अशा दिवसांत पहाटे पाचगणीच्या त्या पठारावर उभे राहिले असता दोन आवाज कानी येतात. एक आवाज निवासी शाळांच्या घंटांचा. इंग्रजी अमदानीत थंड हवेसाठी आणि शिक्षणासाठी वसलेल्या या गावात सिल्व्हर ओकच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना उठविण्याचे काम त्या घंटा पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. दुसरा आवाज पावलांचा. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, ताईघाट या भोवतालच्या गावांतील पोरे भरतीच्या तयारीसाठी घाम गाळीत असतात. सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत कापणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात हे त्यांतील प्रत्येकाला पाठ असते. घंटेने उठणारा आणि घंटेपूर्वीच उठून धावणारा, दोघांचेही वय एकच : सोळा, सतरा, फार तर साडेसतरा. परंतु पहिल्याला बाजारापर्यंत जावयाचे तरी वसतिगृहप्रमुखाची परवानगी लागते, आणि दुसऱ्याविषयी त्याचे घरदार म्हणते की पोरगा आता हाताशी आला.

एकाच वयाला एकाच गावात असे दोन अर्थ कसे प्राप्त होतात, हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम आला तो एका कागदामुळे. खिंगरचे एक निवृत्त सुभेदार माझ्या परिचयाचे आहेत. सतराव्या वर्षी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालेला हा गृहस्थ आज पंचाहत्तरीतही ताठ चालतो. त्यांचा मुलगा अकाली गेला. मागे सून आणि नातू. नातू साडेसतरा वर्षांचा झाला आणि अग्निवीर भरतीचे कागद घरी आले. अठरा वर्षे पुरी न झालेल्या उमेदवाराच्या नोंदणीपत्रावर पालकाची सही लागते, आणि येथे पालक म्हणजे आई. तिने तो कागद पंधरा दिवस देव्हाऱ्यात ठेवला. फाडला नाही, आणि सहीही केली नाही. तेव्हा सुभेदार सुनेला आणि नातवाला घेऊन पाचगणीस, नातवाच्या शिक्षिका राहिलेल्या बाईंच्या घरी आले. बाईंनी त्या मुलाला गावच्या शाळेत मुळाक्षरे शिकविली होती, आणि पुढे एका निवासी शाळेत श्रीमंतांच्या मुलांनाही शिकविले होते. दोन्ही आवाज त्यांच्या ओळखीचे. बाईंनी सुनेची समजूत घालावी, एवढीच सुभेदारांची विनंती. मी त्या वेळी तेथे होतो. पुढील संभाषण स्मरणाने लिहीत आहे.

सुभेदार : बाई, तुमचा शब्द ती मोडायची नाही. पोरगा पहाटे चारला उठतो, कोणी सांगावे लागत नाही. मी गेलो तेव्हा माझ्या बापाने कागदावर अंगठा उठवला होता. फौजेने मला काय दिले नाही? अक्षर दिले, शिस्त दिली, खिंगरला पक्के घर दिले, आणि चार माणसांत मान दिला. मी लहान होतो म्हणून माझे काय बिघडले?

बाई : सुभेदारसाहेब, तुमच्याकडे पाहून फौजेविषयी वाईट बोलण्यास माझी जीभ धजणार नाही. परंतु काय बिघडले हे विचारावयास तुम्ही परत आलात. आपल्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, ज्याला सारे लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. ज्या सरकारसाठी ते समुद्रापार गेले, ते सरकार निवडण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही नव्हता. प्राण मागणारा आणि प्राण देणारा यांच्यात विचारविनिमय म्हणून काही झालाच नाही. मला जे बोचते ते हे.

सुभेदार : अपशिंग्याचे नाव तुम्ही दुःखाने घेता, आम्ही अभिमानाने घेतो, त्या गावात आजही पोरे फौजेतच जातात. आणि वयाचेच म्हणाल, तर इतिहास माझ्या बाजूचा आहे. १७६१ साली पानिपतचा घाव ताजा असताना माधवरावांना साताऱ्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय सोळा. सांभाळायला म्हणून काका दिले. आणि पुढच्याच वर्षी आळेगावला त्या काकांशीच लढाई करण्याची पाळी आली. राज्य सोळा वर्षांच्या पोराने मोडले नाही, बाई. मोडायला निघाला तो वडीलधारा. आणि जुने कशाला? कारगिलात टायगर हिलवर अंगात गोळ्या घेऊन कडा चढलेले योगेंद्रसिंह यादव एकोणीस वर्षांचे होते, आणि भरती झाले तेव्हा सोळा वर्षे पाच महिन्यांचे. परमवीर चक्र असल्या पोरांनीच घेतले आहे.

बाई : माधवरावांचे तुम्ही सांगितलेत, तर त्याच वर्षातले दुसरे मी सांगते. पानिपतावर विश्वासराव पडले ते अठरा वर्षांचे. मोहीम त्यांच्या नावावर होती, निर्णय दुसऱ्यांचे होते. त्याच रणातून आणखी एक अठरा वर्षांचा मुलगा कसाबसा जीव घेऊन निघाला. त्याचा जन्म साताऱ्याचा. पुढे त्याला आपण नाना फडणीस म्हणू लागलो, आणि १८०० सालापर्यंत त्याच्या बुद्धीवर मराठी राज्य टिकले. त्या दिवशी जे परत आले नाहीत, त्यांत आणखी किती नाना होते, याचा हिशेब कोणत्या बखरीत सापडेल? अठराव्या वर्षी मनुष्य शूर असतो याविषयी माझा वाद नाही. त्या वयाचे शौर्य खर्च करण्याचा अधिकार नेहमी दुसऱ्याच वयाच्या माणसांच्या हाती असतो, एवढेच मी म्हणते.

सुभेदार : बेचाळीसला कोणी खर्च केले? नंदुरबारचा शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. तिरंगा हाती घेऊन उभा राहिला आणि छातीवर गोळ्या झेलल्या. तो आज असता तर तुम्ही त्याला वर्गात बसवून ठेवले असते काय?

या प्रश्नावर बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. शिरीषकुमार गेला तो ९ सप्टेंबर १९४२ हा दिवस सातारकरांनाही विसरता येण्याजोगा नाही. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात. त्या मातीतल्या मनुष्याला शिरीषकुमारविषयी हलके बोलणे शक्यच नव्हते.

बाई : नाही, सुभेदारसाहेब; त्याला बसविण्याचे बळ माझ्यात नव्हते आणि कोणातच नव्हते. परंतु त्याच्याकडून कोणी करारपत्र लिहून घेतले नव्हते, आणि त्याच्या वतीने कोणी सहीही केली नव्हती. त्याच्या हाती झेंडा होता, बंदूक नव्हती. त्याने स्वतःला दिले. मुलाने स्वतःला देणे हा त्याचा पराक्रम. राज्याने मुलाला मागून घेणे हा राज्याचा व्यवहार. पराक्रमाला वयाची अट नसते. व्यवहाराला असावीच लागते, कारण व्यवहारात एक पक्ष नेहमी बलवान असतो.

सुभेदार : मग कायदा तरी एक अट कुठे ठेवतो? मोठा गुन्हा केला तर २०१५ च्या कायद्याने सोळा वर्षांच्या पोरालाही मोठ्यांप्रमाणे न्यायालयात उभे करता येते. मत अठराला. लग्न मुलाचे एकविसाला. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर एकवीस, विधानसभेला पंचवीस. पोरगा मोठा कधी झाला म्हणायचे? आणि सरकारने काही आंधळा कारभार चालवलेला नाही. मुलांना युद्धात ओढू नये असा संयुक्त राष्ट्रांचा जो करारनामा आहे, त्याला आपण २००५ साली मान्यता दिली तेव्हा लिहून दिले आहे की भरती सोळापासून, तीही राजीखुशीने, आणि लढाईच्या मुलखात पाठवणी अठरा पुरी झाल्यावरच. आधी ट्रेनिंग, मग कसम परेड, मग पलटण. साडेसतराला गेलेला पोरगा अठराच्या आत सीमा बघत नाही.

बाई : हे तुम्ही सांगितलेत ते योग्य, आणि मला ते मान्य आहे, आपले सैन्य मुलांच्या हाती बंदूक देऊन त्यांना पुढे ढकलणारे सैन्य नव्हे. परंतु मग माझा प्रश्न अधिकच सोपा होतो. गोळीसमोर उभे करावयास अठरा वर्षे पाहिजेत असे ज्यांना वाटते, त्यांना बंधनात घेताना साडेसतरा का पुरतात? मधले सहा महिने इतके घाईचे का? आणि आपल्या डोळ्यांसमोरचे पाहा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही साडेसोळा वर्षांचा मुलगा जातो. त्याला तीन वर्षे शिक्षण आणि पदवी, पुढे आणखी एक वर्ष अकादमी; पलटणीत पोहोचेपर्यंत तो विशी ओलांडतो, आणि आता तर मुलीही त्याच वाटेने बाहेर पडल्या आहेत. तुमच्या नातवाला सहा महिने प्रशिक्षण, चार वर्षे नोकरी, आणि शंभरांतून पंचवीस जणांनाच पुढे ठेवणार. साडेएकविसाव्या वर्षी तो हाती ठरावीक रक्कम घेऊन परत येईल, निवृत्तिवेतन नाही. तुमच्या घराचे पक्के छप्पर ज्या पेन्शनीवर उभे राहिले, ती त्याच्या वाट्याला येईलच असे नाही.

सुभेदार खाली पाहत होते. पेन्शनीचा उल्लेख त्यांना लागला असावा. कारण ही गोष्ट त्यांनी घरात सुनेपुढे अद्याप स्पष्ट केली नव्हती, असे तिच्या चेहऱ्यावरून मला वाटले.

बाई : मी वर्गात पाहिलेले सांगते. निवासी शाळेत सतरा वर्षांच्या मुलाचा पाय मुरगळला तर आम्ही मुंबईला त्याच्या आईवडिलांना फोन करीत असू. पुण्यास कल्याणीनगरात २०२४ च्या मे महिन्यात मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला, आणि गाडी चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो सतरा वर्षांचा होता. त्याला प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. लोक संतापले, आणि मीही संतापले. परंतु रात्री विचार करता मला वाटले, कायद्याने त्या वयाला मूल मानले यात वाईट काही नाही. वाईट हे की तीच ममता खिंगरच्या मुलासाठी कोणाला सुचत नाही. वय सर्वांचे सारखे मोजले जाते. बालपण मात्र बापाची मिळकत पाहून मिळते.

सुभेदार : बाई, आता तुम्ही खरे ते बोललात, म्हणून मीही खरे बोलतो. तुमच्या शाळेतला पोरगा बावीस वर्षांपर्यंत मूल राहतो, कारण त्याचे मूलपण पोसणारा कोणीतरी आहे. आमच्याकडे वीस गुंठे स्ट्रॉबेरी. एक अवकाळी पाऊस आला की सगळी सडते. तुम्ही म्हणता थांबव. थांबवतो. थांबलेला पोरगा काय करील? टेबल लँडवर पर्यटकांचे घोडे धरील, नाहीतर रात्री-अपरात्री घाटात कोणाची जीप हाकील. ते काय मूलपण आहे? वयाची वरची मर्यादा ओलांडली की भरतीचे दार बंद. वर्षे तुम्ही त्याला दिलीत असे वाटेल तुम्हांला. खरे तर त्याच्याकडून काढून घेतलेली असतील. फौज त्याला लवकर मोठा करते, हे मला मान्य. पण गरिबी त्याच्याही आधी करते, आणि ती पगार देत नाही.

बाईंच्या जवळ याला उत्तर नव्हते, आणि नाही हे त्यांनी लपविले नाही. त्या म्हणाल्या, “तुमचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण त्यामुळे कोणी मान खाली घालावयाची असेल तर ती आपण घालावयाची आहे, या मुलाने नव्हे.”

आतापर्यंत पायरीवर बसून राहिलेली मुलाची आई त्या वेळी प्रथमच बोलली. तिचे बोलणे वादासाठी नव्हते. पंधरा दिवस मनात फिरत राहिलेली गोष्ट ती केवळ सांगत होती.

“आबा, मागल्या साली सोसायटीचे कर्ज थकले तेव्हा याच्या नावची दहा गुंठे विकावी म्हणून तुम्ही आणि मी वाईला वकिलाकडे गेलो होतो. सातबाऱ्यावर याच्या नावाखाली माझे नाव आहे, अ.पा.क. म्हणून. वकील म्हणाले, अज्ञानाची जमीन आईला अशी विकता येत नाही. जिल्हा न्यायालयाची परवानगी पाहिजे, आणि न्यायाधीश विचारतील की यात मुलाचे हित काय. मी घाबरले, आणि आपण ते सोडून दिले. दहा गुंठ्यांसाठी मला कोणीतरी विचारणार होते. या कागदावर मला कोणी काही विचारत नाही. नुसती सही कुठे करायची तेवढे दाखवले आहे. पोराला जायचे आहे, मला ठाऊक आहे. मी अडवणार नाही. पण त्याची जमीन जर मी देऊ शकत नाही, तर त्याला मी कशी देऊ?”

सातबारा वाचणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा हा शेरा आहे : अ.पा.क., अर्थात अज्ञान पालनकर्ता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यान्वये अज्ञान मुलाची स्वतःची स्थावर मिळकत विकावयाची किंवा गहाण टाकावयाची झाल्यास नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि ती मुलाची निकड वा उघड हित दिसल्यावाचून दिली जात नाही. कायद्याने येथे आईवर अविश्वास दाखविला नाही. तिच्या एकटीच्या खांद्यावर एवढा मोठा निर्णय टाकू नये, ही त्यातील माणुसकी आहे. जमिनीविषयी जी दक्षता आपण घेतली, ती जमिनीच्या धन्याविषयी घ्यावी असे मात्र आपल्याला सुचले नाही. आणि आमच्या तिघांच्या विद्वत्तेला जे सुचले नव्हते, ते सातबारा उशाशी ठेवून पंधरा रात्री जागलेल्या त्या माउलीला सुचले.

बाईंनी मुलाला जवळ बोलाविले आणि वाढदिवस विचारला. तो एप्रिलमध्ये अठरा पुरी करणार होता. पुढच्या भरतीच्या वेळी तो साडेअठराच्या घरात असेल, आणि वरची मर्यादा तेव्हाही दूर असेल, असा हिशेब सुभेदारांनी स्वतःच मोठ्याने केला. मग ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “एक साल म्हणजे काही जन्म नव्हे. बारावी पुरी होईल. घोडे धरायला मी त्याला जाऊ देणार नाही. माझी पेन्शन आहे तोवर त्याची फी माझ्याकडे.” वादात हरलेल्या मनुष्याचे हे बोलणे नव्हते, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जवळ होते हे ध्यानात आलेल्या मनुष्याचे होते. थांबणाऱ्या मुलाला देणार काय, असे त्यांनी विचारले होते, आणि देणारे तेच निघाले.

त्या संध्याकाळपासून मी या प्रश्नाचा जो विचार केला, तो येथे स्पष्ट मांडणे मला कर्तव्य वाटते. कुमारवयीन मुले सैन्यास आणि नागरिकत्वाच्या अधिकारांस योग्य आहेत की नाहीत, असा प्रश्न जेव्हा आपण विचारतो, तेव्हा आपण परीक्षा मुलांची घेत असतो. वास्तविक ती आपली आहे. सोळाव्या वर्षी माधवरावांजवळ विवेक होता आणि त्यांच्या पालकाजवळ नव्हता, यावरून विवेकाचे वय ठरविता येत नाही हेच सिद्ध होते. आणि ज्याचे वय ठरविता येत नाही, त्यासाठी जी रेषा आपण आखतो ती मुलाच्या पक्वतेची निशाणी नसून आपल्या वचनाची निशाणी असते. अठरा वर्षांखाली आम्ही तुला सांभाळू, आणि अठराव्या वर्षी आम्ही तुझे ऐकू, असे ते वचन आहे.

या वचनाचे दोन्ही भाग एकाच दिवशी पाळले गेले पाहिजेत, हे जगाने रक्त सांडून शिकले आहे. इंग्लंडात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, सामान्य पुरुषाला एकविसाव्या वर्षी मत देत असतानाच युद्धात सेवा केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलांना मताधिकार द्यावा लागला. व्हिएतनामात अठरा-एकोणीस वर्षांची मुले पाठविणाऱ्या अमेरिकेने १९७१ साली मतदानाचे वय अठरावर आणले. आणि आपण एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली तेच केले. तेव्हा साडेसतराव्या वर्षी बंधन आणि अठराव्या वर्षी मत, ही सहा महिन्यांची फट किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्या फटीत मुलगा स्वतः बोलू शकत नाही आणि त्याच्या वतीने आईला बोलावे लागते. ही फट बुजवावी. आणि ती बुजेपर्यंत, ज्या गंभीरपणे दहा गुंठ्यांविषयी न्यायाधीश विचारतो, त्याच गंभीरपणे कोणा जबाबदार अधिकाऱ्याने आईला आणि मुलाला समोर बसवून निवृत्तिवेतन आहे की नाही, चार वर्षांनंतर काय, हे सारे समजावून द्यावे आणि मुलाचे हित कोणते हे विचारावे. सैन्याला याने कमीपणा येणार नाही. समजून उमजून आलेला रंगरूट कोणत्या पलटणीला नको असेल?

परंतु कायद्याने सारे होणार नाही. घंटेने उठणाऱ्या आणि घंटेपूर्वीच उठून धावणाऱ्या मुलांमधील अंतर कोणत्याही कलमाने मिटत नाही. ते मिटविण्यासाठी थांबणाऱ्या मुलाचे एक वर्ष भरून काढणारा कोणी असावा लागतो, मग तो सुभेदारांसारखा आजोबा असो, गाव असो वा सरकार. जो समाज गरिबाच्या मुलाला थांब म्हणतो आणि थांबण्याचा खर्च उचलत नाही, त्याच्या तोंडी बालहक्कांची भाषा शोभत नाही. आणि जो त्याला जा म्हणतो आणि परतल्यावर त्याची वाट पाहत नाही, त्याच्या तोंडी राष्ट्रप्रेमाचीही.

उठताना आईने तो कागद पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवला. मुलाने विचारले, “मग याचे काय करायचे?” ती म्हणाली, “राहू दे. एप्रिलात आधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा माझा शेरा उतरवून घे. मग मतदार यादीत नाव घाल. त्यानंतर ज्या कागदावर करायची त्यावर तुझी तू सही कर. मी शेजारी बसेन.”